तिकीट मिळेना, ताई!

गेल्या अंकात केऑस कम्युनिकेशन काँग्रेसबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि मराठवाड्यातून पत्रं सुरू झाली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे जर्मनीतलं हॅकरांचं मोठं संमेलन आहे. १९८४ पासून भरतं, सहसा नाताळ संपला की २७ ते ३० डिसेंबरला. भरवतो केऑस कॉम्प्युटर क्लब, ज्याची सुरुवात १९८१ साली बर्लिनमध्ये झाली. संमेलन सध्या हॅम्बुर्गला असतं. मी एकदा जाऊन आले आहे, २०१९ साली, तेव्हा ते लाइपझिगला होतं.

जवळजवळ सगळ्या पत्रांचा विषय एकच, तिकीट. त्यातली सहा पत्रं नावं गाळून घेते आहे.

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी तिकीटविक्रीच्या दिवशी हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं चार लॅपटॉप उघडून बसलो होतो. पान उघडेपर्यंत सगळं संपलेलं. हा निव्वळ नशिबाचा भाग आहे का? आमच्यासारख्यांनी नाद सोडावा का? — विद्यार्थी, विष्णुपुरी, नांदेड

उत्तर : नाद सोडू नकोस. फक्त त्या एका पानावर सगळी भिस्त ठेवू नकोस.

आधी हे बघ की तिकीट इतकं दुर्मीळ का आहे. इमारतीत माणसं किती मावतात यावर अग्निसुरक्षेची मर्यादा असते, आणि ती कुणाच्या इच्छेने वाढत नाही. लाइपझिगच्या प्रदर्शन मैदानात २०१९ साली सतरा हजारांच्या आसपास लोक होते. २०२३ साली संमेलन हॅम्बुर्गच्या काँग्रेस सेंटरमध्ये परत गेलं आणि तिथं तेवढी जागा नाही. दुसरं कारण किमतीचं. मोठ्या कंपन्यांच्या परिषदेत प्रायोजक असतात, जाहिरातींचे फलक असतात, प्रवेशाचा दर सामान्य माणसाला पेलवत नाही. इथं प्रायोजक नाहीत. पाणी वाटण्यापासून कॅमेरा धरण्यापर्यंतची कामं स्वयंसेवक करतात, त्यांना तिथं देवदूत म्हणतात, आणि हे देवदूतसुद्धा स्वतःचं तिकीट विकत घेतात. दर खर्चापुरता ठेवला की मागणी जागेच्या कितीतरी पुढं जाते. आयोजकांनी उद्या दर पाचपट केला तर गर्दी आपोआप ओसरेल, पण मग तिथं विद्यार्थी दिसणार नाहीत. त्यांनी तसं केलेलं नाही, आणि मला हे त्यांचं फार मोठं वाटतं.

आता वस्तू थोडी आणि माणसं जास्त असली की वाटप कशावर करायचं? पैशावर, वेगावर, रांगेत उभं राहण्याच्या ताकदीवर, ओळखीवर किंवा चिठ्ठीवर. अमेरिकेतल्या लास व्हेगासला १९९३ पासून डेफकॉन नावाचं हॅकरांचं संमेलन भरतं, त्यांनी वर्षानुवर्षं रांगेचा मार्ग ठेवला. रोख पैसे घेऊन या, नाव विचारणार नाही, दारात बिल्ला घ्या. ती रांग इतकी लांब जाते की लोकांनी तिलाच लाइनकॉन असं नाव दिलं आहे. पण ते गाव हॉटेलांचं आणि दालनं अवाढव्य, तिथं तीसेक हजार माणूस सामावतं.

तुम्ही चौघं ज्यात हरलात तो वेगाचा मार्ग. आपल्याला तो सगळ्यांत महाग पडतो. हॉस्टेलच्या एका वायफायवर दोनशे मुलं, त्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि सर्व्हर युरोपात. म्हणून मला ओळखीच्या मार्गाबद्दल सविस्तर लिहायचं आहे. ओळख म्हटलं की आपल्याकडं वशिला डोळ्यापुढं येतो. इथली व्यवस्था वेगळी आहे.

खुल्या विक्रीच्या आधी व्हाउचरची फेरी असते. व्हाउचर म्हणजे तिकीट विकत घ्यायचा हक्क देणारा कोड. जर्मनीत आणि बाहेर जे स्थानिक गट आहेत, हॅकरस्पेस म्हणजे हॅकरांनी मिळून चालवलेल्या कार्यशाळा आहेत, त्यांना काही व्हाउचर मिळतात. गटातला एकजण ते वापरून तिकीट घेतो. त्याचे पैसे पोचले की त्याला नवं व्हाउचर येतं आणि तो ते पुढच्या माणसाला देतो. त्याचे पैसे पोचले की तिसऱ्याला. फेरीची मुदत संपेपर्यंत ही साखळी चालते. म्हणजे जो पैसे भरायला चालढकल करतो तो मागच्या सगळ्यांचा वेळ खातो. या एका नियमानं माणसं एकमेकांना बांधली जातात. मला ती रचना पहिल्यांदा समजली तेव्हा मी ती वहीत काढून ठेवली होती.

आता नांदेडच्या मुलाची हॅम्बुर्गच्या गटाशी ओळख कशी व्हावी? कामातून. मी वाळूजला एका कारखान्यात सर्व्हर सांभाळते, माहेर मानवतचं, परदेशात माझं कुणी नव्हतं. संमेलनातल्या व्याख्यानांना उपशीर्षकं लावणारा स्वयंसेवकांचा एक गट आहे. व्याख्यान ऐकायचं, शब्द टिपायचे, वेळ जुळवायची. हे काम घरी बसून होतं. रात्री मुलं झोपली की मी इंग्रजी व्याख्यानं घ्यायची. वक्त्याचा शब्द अडला की विचारायचं, कुणीतरी उत्तर द्यायचं. असं करता करता ओळखी झाल्या आणि त्यातूनच एक दिवस व्हाउचर आलं. मी मागितलंही नव्हतं. तुम्ही चौघं कोड लिहिता. ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर ती माणसं काम करतात त्यातल्या एखाद्यात चुका शोधा, दुरुस्त्या पाठवा, कागदपत्रं नीट लिहा. वर्ष जाईल, दोन जातील. तोवर तुम्ही बरंच शिकलेले असाल. आणि स्वतःचं संशोधन उभं राहिलं तर व्याख्यानाचा प्रस्ताव पाठवा. ज्याचं व्याख्यान निवडलं जातं त्याला या झुंबडीत पडावं लागत नाही.

तरीही खुल्या विक्रीला बसणार असशील तर दोन गोष्टी सांभाळ. जर्मनीतली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागं जातात. त्याआधी आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, नंतर साडेचार. विक्री नेमकी याच दिवसांच्या आसपास असते. दुसरं, आपल्या बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो. तो ॲपमधून आदल्या दिवशी सुरू करून ठेव. तिकीट टोपलीत आलं की ते काही वेळच तुझ्यासाठी राखलेलं असतं, तेव्हा ओटीपीचा फोन मित्राच्या खोलीत चार्जिंगला नको.

प्रश्न : मी स्वतः शिकलेला प्रोग्रामर आहे. पान सतत तपासून तिकीट उपलब्ध होताच घेणारी स्क्रिप्ट मी लिहिली आहे, एका वेळी वीस खिडक्या उघडते. मित्र म्हणतो हे चूक आहे. माझं म्हणणं, हॅकरांच्याच संमेलनात कौशल्यानं घुसलं तर ते खूशच होतील. — जालना

उत्तर : तुमच्या मित्राचं बरोबर आहे.

वॉशिंग्टनला २००५ पासून २०२५ पर्यंत श्मूकॉन नावाचं संमेलन भरत असे. लहान, जिव्हाळ्याचं, आणि तिकिटं तीन फेऱ्यांत विकली जायची. प्रत्येक फेरी सेकंदांत संपायची. घेणारे सगळे तुमच्यासारखेच, स्क्रिप्ट लिहू शकणारे. अशा ठिकाणी एकानं स्क्रिप्ट चालवली की दुसऱ्याला चालवावीच लागते. मग सगळ्यांकडं स्क्रिप्ट आणि तिकिटं तेवढीच. कौशल्याचा लाभ कुणालाच नाही. फक्त ज्याला अजून ते येत नाही, ज्याला शिकण्यासाठीच तिथं जायचं आहे, तो बाहेर राहतो. विष्णुपुरीचं पत्र वर आहे, ते वाचा. तुमच्या वीस खिडक्यांपुढं उभी असलेली ही चार मुलं आहेत.

आपण हे घरच्या दारात पाहिलं आहे. दिवाळीत देवगिरी एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट काढायला बसलेल्या माणसाला दहा-अकराच्या ठोक्याला काय होतं हे नांदेड-परभणीत कुणाला सांगायला नको. तिथंही यंत्रांनी माणसांना हरवलं. शेवटी रेल्वेला १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी लावावी लागली आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी घालावी लागली. परवान्याशिवाय रेल्वे तिकिटांचा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. म्हणजे काय झालं बघा. काहींनी वेगाचा गैरवापर केला आणि त्यापायी ऑनलाइन तत्काळ काढणाऱ्या प्रत्येकाला ओळख पटवून द्यायची वेळ आली. हॅकरांच्या संमेलनात लोक नाव न सांगता येऊ शकतात, हे स्वातंत्र्य त्यांनी जिवापाड जपलं आहे. तुमच्यासारख्या स्क्रिप्टा वाढल्या तर ते टिकणार नाही. मला याची खरी काळजी वाटते.

कौशल्य दाखवायचंच असेल तर जागा आहे. संमेलनाचं तिकीटघर चालतं ते प्रीटिक्स नावाच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर. त्याचा कोड उघडा आहे. उतरवून घ्या, स्वतःच्या संगणकावर चालवा, एकाच वेळी हजारो मागण्या आल्या की टोपली आणि कोटा कसा सांभाळला जातो ते समजून घ्या. स्वतःच्या प्रतीवर हवे तेवढे हल्ले करा. काही सापडलं तर त्यांना कळवा. हे वाचून ती मंडळी खरंच खूश होतील.

प्रश्न : टेलिग्रामवर एकजण दुप्पट भावात तिकीट देतो आहे. क्यूआर कोडचा फोटोही पाठवलाय. घेऊ का? — बीड

उत्तर : घेऊ नका. तो फोटो त्यानं आणखी किती जणांना पाठवला आहे हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. दारात जो आधी पोचेल तो आत, बाकीचे हॅम्बुर्गच्या थंडीत बाहेर. विमानाचं भाडं भरून तिथं जाऊन परत फिरणं परवडणार आहे का? आणि तिकीट खरं असलं तरी चढ्या भावानं घेणारा आहे म्हणूनच विकणारा आहे.

प्रश्न : माझं लातूरला कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी संगणकशास्त्र शिकते. ती म्हणते, बाबा, हॅकरांच्या संमेलनाला जर्मनीला जायचं आहे, तिकीट मिळालं तर पाठवाल का? मला धडकीच भरली. हे लोक नेमके कोण? उद्या पोलिसांचं काही झालं तर? — एक वडील, लातूर

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. मुलीनं लपवलं नाही, तुम्हाला विचारलं, हेही लक्षात घ्या.

हे लोक कोण, याचं उत्तर एका जुन्या घटनेतून देते. १९८४ साली जर्मनीत घरोघरच्या दूरचित्रवाणीवर माहिती देणारी एक सरकारी सेवा होती. ती सुरक्षित आहे असं टपाल खातं छातीठोकपणे सांगत होतं. संमेलन भरवणाऱ्या केऑस क्लबच्या दोघांनी हॅम्बुर्गच्या एका बँकेचा पासवर्ड हाती आल्यावर बँकेच्या खात्यावरून स्वतःच्याच सशुल्क पानाला रात्रभर भेटी दिल्या. सकाळपर्यंत सुमारे १ लाख ३५ हजार मार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन, क्लबच्या नावे जमा. त्यांनी काय केलं, तर पत्रकारांसमोर सगळं मांडलं आणि पैसे परत केले. आजही त्यांचं मुख्य सूत्र असं आहे की सार्वजनिक माहिती वापरा, खासगी माहिती जपा. संमेलनात कुणाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढता येत नाही. मी लाइपझिगला एकटी होते. रात्री दोन वाजता दालनातून वसतिगृहाकडे ट्रामनं गेले, मला कधी भीती वाटली नाही.

कायद्याचं म्हणाल तर संमेलनाला जाणं, व्याख्यान ऐकणं हा कुठंच गुन्हा नाही. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलीला हे दोन्ही आकडे पाठ असू द्या, घरी बसून शिकतानाही ते लागतात.

आता व्यवहाराचं बोलू. तिकिटापेक्षा व्हिसाची घाई करा. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं. प्रवासी आरोग्य विमा किमान ३० हजार युरोचा हवा. अर्जावर निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. संमेलनाचं तिकीट हाती येतं तेव्हा बहुतेक नोव्हेंबर उजाडलेला असतो. तेव्हा धावपळ सुरू केली तर डिसेंबर हातचा जातो. वर्षअखेरीला हॅम्बुर्गमध्ये राहायची जागाही महाग होते. आणि खर्चाचा आकडा ऐकून तुम्ही नको म्हणालात तरी तिला त्यामागचं कारण पैसा आहे असंच सांगा, हॅकर हे कारण सांगू नका. यंदा आपल्याच देशातली संगणक सुरक्षेची संमेलनं, गोव्यातलं नलकॉन किंवा केरळातलं कोकॉन, तिला दाखवता येतील. कोकॉनमध्ये केरळ पोलीसच सहभागी असतात. तुमच्या जिवाला तेवढाच दिलासा.

प्रश्न : तिकीट नाही, पासपोर्ट नाही, पैसे नाहीत. अंबाजोगाईत बसून या सगळ्याबद्दल वाचलं की वाईट वाटतं. आपण काहीतरी गमावतोय असं सारखं वाटतं. — बी. एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : काय गमावतेस ते खरं खरं सांगते, खोटी समजूत घालणार नाही. रात्री उशिरा एखाद्या टेबलाशी बसून अनोळखी माणसानं सोल्डरिंग शिकवणं, व्याख्यान संपल्यावर वक्त्याला गाठून प्रश्न विचारणं, हे घरून मिळत नाही.

पण व्याख्यानं मात्र जवळजवळ सगळी मिळतात. थेट प्रक्षेपण फुकट असतं आणि नंतर ध्वनिचित्रमुद्रणं क्लबच्या संग्रहात कायमची राहतात, उतरवूनही घेता येतात. तिथं सकाळी अकराला सुरू होणारं व्याख्यान आपल्याकडं दुपारी साडेतीनला असतं. माझ्या मते अंबाजोगाईत बसून पाहण्यासारखी तीन आधी घे. २०१४ साली एका संशोधकानं जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा त्यांच्या छायाचित्रांवरून बनवून दाखवला होता. रेशनच्या दुकानात आपली आजी यंत्रावर अंगठा टेकवते ना, ते डोळ्यापुढं ठेवून हे बघ. त्याच वर्षी टेलिफोन कंपन्यांमधल्या एसएस७ या जुन्या जोडणीतून कुणाचेही एसएमएस कसे अडवता येतात हे दोघांनी वेगवेगळ्या व्याख्यानांत मांडलं. बँकेचा ओटीपी एसएमएसनंच येतो. तिसरं २०२३ चं. पोलंडमधल्या काही रेल्वेगाड्या बाहेरच्या कार्यशाळेत दुरुस्त केल्या की चालूच होईनात. तिघा तंत्रज्ञांनी गाडीच्या संगणकातला कोड उलगडून त्यामागचे लपवलेले अडथळे लोकांपुढं आणले. गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं आरोप नाकारले आहेत. आपल्या लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. यंत्र विकत घेतल्यावर ते दुरुस्त करायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न उद्या आपल्या पोरांपुढंही येणार आहे.

एकटी पाहू नकोस. जगभर अनेक गट संमेलनाच्या दिवसांत आपापल्या गावी एकत्र बसून प्रक्षेपण पाहतात. कॉलेजच्या प्राध्यापकांना विचार, एक वर्ग आणि प्रोजेक्टर मिळाला तरी पुरे. वीज जाईल हे गृहीत धरून आदल्या रात्री मुद्रणं उतरवून ठेव. पुणे-मुंबईत संगणक सुरक्षेवर काम करणाऱ्या नल नावाच्या समूहाच्या बैठका होतात, त्यांना प्रवेशमूल्य नसतं. कधी मावशीकडं पुण्याला गेलीस तर तारीख बघून जा.

प्रश्न : आम्ही काही मित्र परभणीत संगणक सुरक्षेवर एक दिवसाची बैठक घेतो आहोत. सभागृहात साठजण बसतात आणि दोनशे नावं आली. फुकट आहे म्हणून आली असतील. वाटप कसं करावं? रागावणाऱ्यांना काय सांगावं? — परभणी

उत्तर : हे पत्र वाचून मला अतिशय आनंद झाला. परभणीत दोनशे नावं!

पहिलं, जो आधी नाव देईल त्याला जागा, असं करू नका. त्यात शहरातल्या, चांगलं नेट असलेल्या मुलांचाच नंबर लागतो. चिठ्ठ्या काढा, आणि चारचौघांसमोर काढा. दहा जागा बाजूला ठेवा, त्या खुर्च्या लावणाऱ्या, नोंदणी करणाऱ्या, आवाजाची यंत्रणा बघणाऱ्यांसाठी. दहा जागा मुलींच्या वेगळ्या चिठ्ठीतून भरा, नाहीतर सभागृहात दोन-तीनच दिसतील आणि त्या पुढच्या वेळी येणार नाहीत. उरलेल्या चाळीसची एकच चिठ्ठी. ज्याचं नाव निघालं त्यानं शंभर रुपये अनामत ठेवायची, दारात आला की परत. फुकट कार्यक्रमात नाव देऊन न येणारे फार असतात आणि त्यांच्यामुळं रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या बघवत नाहीत. येता येत नसेल तर जागा मित्राला द्यायची नाही, तुमच्याकडं परत करायची, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला मिळेल.

वेळ सकाळी दहा ते चार ठेवा. जिंतूर, पालम, सोनपेठची मुलं एसटीनं येतील आणि त्यांना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं.

रागावणाऱ्यांना सगळी पद्धत लिहून दाखवा, फळकुटावर लावा. आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांची यादी जपून ठेवा. पुढच्या बैठकीच्या चिठ्ठ्या आधी त्या यादीतून काढा, नवीन नावं त्यानंतर.